पत्रा उतरवण्याचा दिवस

काठी गावची राजवाडी होळी झाली की सातपुड्यात घरांची कामं निघतात. ऊसतोडीला आणि गुजरातेत बांधकामावर गेलेली पोरं सणासाठी परत आलेली असतात, शेतं रिकामी असतात आणि पावसाला अजून तीनेक महिने असतात. छप्पर उतरवायचं, कुजलेले वासे बदलायचे, घरकुल मंजूर झालं असेल तर पाया खोदायचा, हे सगळं याच दिवसांत. अक्कलकुव्याच्या डोंगराळ पट्ट्यात पाऊस एकदा लागला की उघडं घर म्हणजे घरातलं धान्य गेलं, म्हणून सगळे घाईत असतात.

मी ग्रामीण गृहनिर्माण अभियंता आहे, मूळचा शहाद्याकडचा. घरकुलाची आखणी करून देणं, पाया, जोतं, लिंटल, छप्पर अशा टप्प्यांवर फोटो काढणं आणि हप्ता सुटावा म्हणून कागद पुढे सरकवणं हे माझं काम. आमचं सगळं बोलणं नव्या घराचं असतं. सिमेंट किती, सळई किती, गवंडी कोण. नव्या घरासाठी जे जुनं पाडलं जातं त्याच्या छपराबद्दल कोणी बोलत नाही. मला त्या जुन्या छपराबद्दलच लिहायचं आहे.

काठी–मोलगी भागातलं जुनं घर म्हणजे सागाचे खांब, बांबूच्या कुडाला शेणमातीचा गिलावा आणि वर हाताने थापून भाजलेली देशी कौलं. कौलं माकडं फोडतात, दरवर्षी चाळावी लागतात, आणि ती थापणारे हातही आता कमी झाले. त्यांची जागा पत्र्याने घेतली. पत्रे दोन प्रकारचे: लोखंडी आणि सिमेंटचे. सिमेंटचा पत्रा गंजत नाही, उन्हात लोखंडासारखा तापत नाही, पावसात कानठळ्या बसवत नाही आणि स्वस्त पडतो. लोकांनी तो घेतला तो पूर्ण विचार करून घेतला. घरावर, गोठ्यावर, शाळेच्या पडवीवर, दुकानाच्या ओट्यावर तो करडा नागमोडी पत्रा आज सगळीकडे दिसतो. त्याच्या पोटात सिमेंटला धरून ठेवायला ॲस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असतात, वजनाच्या साधारण दहावा हिस्सा.

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. दगडासारखं खाणीतून निघतं, पण कापसासारखं पिंजलं जातं. ते जळत नाही, सडत नाही, ताण सोसतं. त्याचे सहा प्रकार आहेत आणि आपल्या पत्र्यांत असतो तो पांढरा, म्हणजे क्रायसोटाइल. त्याचा एकेक सुटा तंतू केसापेक्षा शेकडो पट बारीक असतो. हवेत उडाला की डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही, खोकलाही येत नाही. श्वासातून तो फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातो आणि शरीराला तो विरघळवता येत नाही. त्यातून फुप्फुस कडक होत जाण्याचा ॲस्बेस्टॉसिस हा आजार होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो, आणि फुप्फुसावरच्या किंवा पोटातल्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो, ज्याचं निदान झाल्यावर बहुतेक रुग्ण फार काळ जगत नाहीत. धूळ नाकात गेल्यापासून हे आजार वर यायला वीस, तीस, कधी चाळीसहून अधिक वर्षं जातात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहेत. पांढराही त्यात आला. कामाच्या ठिकाणी झालेल्या ॲस्बेस्टॉसच्या संपर्काने जगात दरवर्षी दोन लाखांहून अधिक माणसं मरतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पन्नासहून जास्त देशांनी त्यावर बंदी घातली. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसचा पत्रा आजही कायदेशीरपणे बनतो आणि विकला जातो.

हे सगळं मी काठीजवळच्या एका पाड्यावर सांगत होतो, तेव्हा खाटेवर बसलेले एक आजोबा म्हणाले, “साहेब, वीस वर्षं याच पत्र्याखाली झोपतो. मला काय झालं?”

त्यांचा प्रश्न बरोबर होता, आणि त्याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायला हवं. धड असलेल्या पत्र्यात तंतू सिमेंटमध्ये गच्च बांधलेले असतात. त्याच्याखाली झोपणाऱ्याला त्या पत्र्यापासून फार थोडा धोका असतो. पत्रा जुना झाला की पावसाने वरचं सिमेंट झिजतं, तंतू उघडे पडतात, शेवाळ धरतं, आणि पन्हाळीखाली करडा गाळ साठतो. तेव्हा धोका थोडा वाढतो. पण खरा धोका पत्रा कापताना, भोक पाडताना, हातोड्याने फोडताना आणि वरून खाली टाकताना असतो. एका दुपारच्या तोडफोडीत हवेत फार मोठ्या प्रमाणात तंतू सुटतात. म्हणून घाबरून उद्याच पत्रे उतरवायला घेऊ नका, हे मी आधी सांगतो. धड पत्रा जागेवर राहू द्या. त्याला घासू नका, खरवडू नका, शेवाळ काढायला तारेचा ब्रश लावू नका, जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका. आणि तो काढायची वेळ आली, तर तो दिवस नीट ठरवून पार पाडा.

हे मी इतक्या आग्रहाने का सांगतो, त्याला शेजारचं एक कारण आहे. नर्मदेच्या पलीकडे मध्य प्रदेशातले अलिराजपूर, झाबुआ आणि धार हे जिल्हे. तिथली माणसं आपल्याच नात्यागोत्यातली, भिल्ल, भिलाला. त्यांतली हजारो मजुरीसाठी गुजरातेत गोधरा–बालासिनोर भागातल्या गारेचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत गेली. काही महिने काम करून आलेली तरुण पोरं पुढच्या काही वर्षांत धापा टाकत मेली. आजार होता सिलिकोसिस, दगडाच्या बारीक धुळीचा. अनेकांवर उपचार झाले ते टीबीचे. मरण पावलेल्या २३८ मजुरांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्यावेत असं राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली गुजरात सरकारला सांगितलं, आणि ते पैसे देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१६ साली द्यावा लागला. तो दगड वेगळा, ॲस्बेस्टॉस वेगळं. पण माणसं तीच, मजुरीची वाट तीच, आणि न दिसणारी धूळही तशीच. सिलिकोसिसने काही वर्षांत माणसं गेली म्हणून निदान संबंध तरी लक्षात आला. ॲस्बेस्टॉसचा आजार तीस वर्षांनी येईल, तेव्हा कोणत्या उन्हाळ्यात कोणाचं छप्पर फोडलं होतं हे कोणाला आठवणार?

आता उतरवण्याचं काम.

पहिली गोष्ट, पत्रा ओळखा. टिचकी मारली की लोखंडी पत्रा वाजतो आणि त्याला चुंबक चिकटतं. सिमेंटचा ठप्प वाजतो, करडा असतो, साधारण सहा मिलिमीटर जाड असतो. आता ॲस्बेस्टॉस न घातलेले सिमेंटचे पत्रेही मिळतात, पण नुसतं पाहून फरक कळत नाही. तो प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो. जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. तंतू दिसतात का बघायला कोपरा मोडू नका.

दुसरी गोष्ट, त्यावर चढू नका. धुळीचा आजार तीस वर्षांनी येतो, पण पत्रा फुटून खाली पडलेला माणूस त्याच दिवशी जातो. जुना सिमेंटचा पत्रा माणसाचं वजन घेत नाही. बोल्टच्या रांगेवर पाय ठेवला की चालतं, असं गवंडी सांगतात. त्यावर विश्वास ठेवू नका. आपल्याकडे बांबू आहे आणि बांबू बांधणारे हात आहेत. घराच्या आतून परांची बांधा आणि पत्रे खालून सोडवा. वर जावंच लागलं तर वाशांवर टेकतील अशा लांब फळ्या आडव्या टाका आणि वजन फळीवरच ठेवा.

तिसरी गोष्ट, पाणी. ओला पत्रा फार कमी धूळ सोडतो, हे या कामाचं मर्म आहे. चैत्र-वैशाखात या पाड्यांवर बायका टेकडी उतरून झऱ्यावरून पाणी आणतात, तिथे ‘छप्पर भिजवा’ असं सांगणं सोपं नाही. पण बादल्या ओतायची गरज नसते. फवारणीचा पाठीवरचा पंप घ्या, त्यातलं औषध स्वच्छ धुऊन टाका, पाण्यात चमचाभर धुण्याची पावडर घाला आणि बारीक फवारा मारा. साबणामुळे पाणी पत्र्यात मुरतं, ओघळून जात नाही. लहान घराला दोन-तीन पंप पुरतात. वरची बाजू, खालची बाजू, बोल्टभोवतीची जागा भिजवा, आणि सुकत आली की पुन्हा मारा.

चौथी गोष्ट, पत्रा अख्खा उतरवा. हुकाचे बोल्ट गंजलेले असतात. छिन्नी-हातोड्याने ठोकले की भोकाभोवती पत्रा फुटतो आणि सगळ्यात जास्त धूळ तिथेच होते. बोल्टला तेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी पान्याने फिरवून बघा. नाहीच निघाला तर खालच्या बाजूने बोल्टच कापा, पत्रा नाही. कटर मशीन, म्हणजे ग्राइंडर, पत्र्याला अजिबात लावायचं नाही. शिखरावरचे कोने आधी काढा, मग एकेक पत्रा दोन माणसांनी धरून दोराने खाली सोडा. वरून ढकलून द्यायचा नाही.

ही काळजी आपल्या लोकांना नवी नाही. सातपुड्यात लाकडी घर उकलून दुसरीकडे उभं करणं चालत आलेलं आहे. सरदार सरोवराच्या पाण्यात मणिबेलीपासूनची गावं गेली, तेव्हा अनेक कुटुंबांनी पिढ्यांचे सागाचे खांब आणि वासे सोडवून पुनर्वसनाच्या वसाहतींत नेले. खांब, आढं, वासा, सगळं ओळखून, खुणा करून, न तोडता. पाड्यातली माणसं एकमेकांच्या घराला हात लावायला येतात तेव्हा त्यांना हे जमतंच. फक्त हेच कसब पत्र्याला लावायला हवं. पत्र्याला किंमत नाही म्हणून तो ढकलला जातो.

तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत. साध्या कापडी मास्कनेही नाही. एन-९५ मास्कही या कामाला पुरेसा मानला जात नाही. यासाठी पी-१०० फिल्टरचा, तोंडाला घट्ट बसणारा रबरी मुखवटा लागतो, आणि दाढी वाढलेली असेल तर तोही नीट बसत नाही. असा मुखवटा एका कुटुंबाने विकत घ्यावा असं मी म्हणणार नाही. ग्रामपंचायतीने तीन-चार घेऊन ठेवावेत आणि ज्याच्या घराचं काम असेल त्याने ते धुऊन, पुसून परत करावेत. मुखवटा नसेल तर भिजवण्यावर दुप्पट भर द्या आणि वाऱ्याच्या दिवशी काम करू नका. काम चालू असताना पोरं, म्हातारी माणसं आणि गुरं दूर ठेवा. धान्याच्या कणग्या आणि पाण्याची भांडी आधीच बाहेर काढा.

संध्याकाळचं एक काम मात्र बायकांच्या वाट्याला येतं आणि त्याबद्दल मला विशेष सांगायचं आहे. नवऱ्याचे, मुलाचे कामाचे कपडे झटकून मग नाल्यावर धुवायला न्यायची सवय आहे. झटकलं की तंतू धुणारीच्या नाकात जातात. इंग्लंड, इटलीत अशा बायका मेसोथेलिओमाने गेल्या ज्यांनी कारखान्यात पाऊलही ठेवलं नव्हतं. त्या फक्त कामगारांचे कपडे धूत होत्या. कपडे घराबाहेरच काढा, काढतानाच पाण्यात बुडवा, वेगळे धुवा. धुणं ज्याने काम केलं त्यानेच केलं तर आणखी चांगलं. अंगणातला भुगा झाडूने झाडायचा नाही. भिजवून, ओल्या फडक्याने गोळा करायचा आणि फडक्यासकट पिशवीत टाकायचा.

पत्रा उतरला म्हणून काम संपलं नाही, कारण आपल्याकडे काही फेकलं जात नाही. अर्धा पत्रा मोरीचा आडोसा होतो, दुसरा अर्धा चुलीमागे उभा राहतो, तुकडा रांजणावर झाकण म्हणून जातो, भुगा आणि खापऱ्या अंगणात किंवा वाटेवरच्या चिखलात भर म्हणून पडतात. घरकुलाचं बांधकाम चालू असेपर्यंत कुटुंब ज्या खोपटात राहतं, त्याच्या भिंतीही बहुतेक याच फुटक्या पत्र्यांच्या असतात, आणि त्यांच्या मोडक्या कडांना टेकूनच लहान पोरं खेळत असतात. काटकसर ही या लोकांची ताकद आहे, आणि नेमकी या एका वस्तूच्या बाबतीत ती घातक ठरते.

इटलीत कासाले मोनफेर्रातो नावाचं गाव आहे. तिथे १९०७ ते १९८६ ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पत्रे आणि पाइप बनवणारा मोठा कारखाना होता. तिथला वाया गेलेला भुगा गावकरी घरी न्यायचे, अंगणात पसरायचे, वाटा घट्ट करायचे, माळ्यावर उष्णता अडवायला भरायचे. कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या गावात मेसोथेलिओमाचे नवे रुग्ण निघत राहिले, आणि त्यांतले अनेकजण कारखान्यात कधी कामाला नव्हते. आपल्याच देशात झारखंडमधल्या चाईबासाजवळ रोरो गावी ॲस्बेस्टॉसची खाण होती. ती १९८३ साली बंद पडली आणि लाखो टन कचरा डोंगराच्या उतारावर तसाच सोडून दिला गेला. खाली ‘हो’ जमातीच्या आदिवासींची घरं आणि शेतं आहेत. पावसात तो कचरा त्यांच्या शेतांत उतरतो.

म्हणून तुकडे वापरू नका. अख्खा पत्रा गोठ्यावर पुन्हा घालणार असाल, तर मी त्याला चांगलं म्हणणार नाही, पण लोक घालणार आहेत हे मला माहीत आहे. घातलाच तर जुन्याच भोकांतून बसवा, नवं भोक पाडू नका, कापू नका. आमचूरच्या फोडी, मिरची, मोहाची फुलं त्यावर वाळवू नका. शेकोटीत किंवा चुलीत तुकडा टाकू नका. आच लागली की सिमेंटचा पत्रा फटाक्यासारखा फुटतो आणि आसपास बसलेल्यांच्या अंगावर उडतो.

उरलेले तुकडे कुठे टाकायचे, हा सगळ्यात अवघड प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर एका घराकडे नाही. महाराष्ट्रात घातक कचऱ्याची शास्त्रीय विल्हेवाट लावणारी केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत. काठीहून यांतलं कोणतंही शेकडो किलोमीटर दूर. दहा-वीस तुकड्यांसाठी कोणी गाडी करून तिथे जाणार नाही. घराने करायचं ते एवढंच: ओले तुकडे जाड प्लास्टिकच्या दुहेरी पिशवीत भरायचे, तोंड बांधायचं, वर मोठ्या अक्षरात ‘ॲस्बेस्टॉस, फोडू नये’ लिहायचं आणि ग्रामपंचायतीला कळवायचं. पुढचं काम पंचायत समितीचं आणि जिल्हा परिषदेचं आहे. उन्हाळ्याच्या शेवटी तालुक्यातल्या सगळ्या पाड्यांवरच्या पिशव्या एका ठिकाणी गोळा करून एखादा ट्रक रांजणगावला गेला, तरी वर्षाचा प्रश्न सुटतो. ते होईपर्यंत पिशव्या ग्रामपंचायतीने ठरवलेल्या एकाच जागी, नाल्यापासून, विहिरीपासून आणि नांगराखालच्या जमिनीपासून दूर, खोल पुराव्यात आणि त्या जागेची नोंद ठेवावी. घरोघरी, पाड्यापाड्याला वेगवेगळे खड्डे नकोत.

यासाठी नवी यंत्रणा लागत नाही. घरकुल मंजूर करताना लाभार्थ्याच्या जुन्या घराचा फोटो आम्ही काढतोच. त्या फोटोत छप्पर दिसतं. कोणत्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत, याची यादी तालुक्याला एका दिवसात करता येईल. यादीतल्या घराला पाडकामाआधी दोन मुखवटे, जाड पिशव्या आणि माहिती देणारा एक माणूस पोचवायचा, एवढाच खर्च. शबरी घरकुल असो वा प्रधानमंत्री आवास, अनुदानात जुनं छप्पर नीट उतरवायला थोडी रक्कम वेगळी धरली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. आम्ही सरकारी पैशाने लोकांना नवं घर देतो आणि त्याच कामात त्यांच्या फुप्फुसात तंतू घालतो, हे मला पटत नाही.

नव्या छपराला पर्याय आहेत. रंगीत लोखंडी पत्रा आता मोलगीच्या बाजारातून टेम्पोत भरून जाताना दिसतो; त्याच्याखाली बांबूच्या चटईचं छत बांधलं की ऊन आणि पावसाचा आवाज दोन्ही बरेच कमी होतात. बंगळुरूच्या प्लायवूड संशोधन संस्थेने बांबूच्या चटयांचा नागमोडी पत्राही तयार केलेला आहे. सातपुड्यात, जिथे होळीला बांबूचा उंच दांडा उभा राहतो, तिथे असा पत्रा बनवणारा एखादा छोटा उद्योग निघावा असं मला फार वाटतं.

ज्यांनी आधीच पत्रे फोडलेत, गुजरातेत पाडकामावर गेलेत, गोदामांची छपरं उतरवलीत, त्यांच्यासाठी शेवटची माहिती. एकदा-दोनदा काम केलं म्हणून आजार होईलच असं नाही. विडी-सिगारेट सोडा, कारण धूम्रपान आणि ॲस्बेस्टॉस मिळून फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढवतात. चढ चढताना दम लागू लागला, कोरडा खोकला जाईना, आणि टीबीची तपासणी होऊन टीबी नाही असं निघालं, तर डॉक्टरांना कामाचं सांगा. कारखान्यात ॲस्बेस्टॉसचं काम केलेल्यांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षं, किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपाव्यात असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं आहे. ॲस्बेस्टॉसिस हा कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. पण रोजंदारीवर छप्पर फोडणाऱ्याची नोंद कोणी ठेवत नाही, ती त्यालाच ठेवावी लागते. कोणत्या साली, कोणत्या गावी, कोणत्या मुकादमाबरोबर आणि किती दिवस सिमेंटचे पत्रे तोडले, हे वहीत लिहून ठेवा, आणि दवाखान्यात गेलात की केसपेपरवर तेवढी ओळ लिहून घ्या.